ओल्या वाळूत डिटेक्टर सारखा किरकिरतो? आधी आवाज कुणाचा ते ओळखा

कोरड्या वाळूत मेटल डिटेक्टर, म्हणजे धातू शोधायचं मशीन, अगदी शहाण्यासारखं चालतं. बाटलीचं झाकण असेल तर झाकणासारखा आवाज, नाणं असेल तर नाण्यासारखा. मग पाण्याच्या दिशेने वीस पावलं खाली गेलं, पाय ओल्या पुळणीवर पडला की तेच मशीन किरकिरायला लागतं, डावीकडे झुलवलं तरी टिवटिव, उजवीकडे झुलवलं तरी टिवटिव, स्क्रीनवर आकडे नाचतायत, आणि खणलं तर खड्ड्यात नुसतं पाणी. हा त्रास मला तीन वेगवेगळ्या हंगामांत तीनदा झाला. तिन्ही वेळा लक्षण वरवर तेच, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं. दुसऱ्या वेळी मी पहिल्या वेळचाच उपाय करत बसलो आणि महिन्यातली सगळ्यात चांगली ओहोटी हातातून गेली, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण जुनी नाणी सापडायची शक्यता जास्त असते ती नेमकी याच ओल्या पट्ट्यात आणि बरेच जण किरकिरीला कंटाळून तिथूनच परत फिरतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट. मशीन किरकिरलं की हात आपोआप सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे मशीनने किती क्षीण सिग्नलला वाजायचं ते ठरवणाऱ्या बटणाकडे जातो, तो थांबवा. सेन्सिटिव्हिटी निम्मी केली की आवाज बंद होतो हे खरं, पण त्याबरोबर वीतभर खोल असलेलं नाणंही बंद होतं, आणि आपल्याला वाटतं मशीन आता व्यवस्थित चाललंय. आवाज बंद करायच्या आधी आवाज कुठून येतोय ते कळायला हवं आणि त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

उभे राहा. फावडं, वाळू उपसायचं स्कूप चार-पाच पावलं लांब ठेवा. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, कमरेच्या उंचीवर आडवी धरा, वाळूपासून लांब, आणि अजिबात हलवू नका. बहुतेक मशीनं नेहमीच्या मोडमध्ये कॉइल हलत असतानाच जमिनीतलं काही सांगतात, म्हणजे कॉइल स्थिर असताना जे काही वाजतंय ते जमिनीतलं असूच शकत नाही. ते एक तर हवेतून येतंय नाहीतर मशीनच्या स्वतःच्या पोटातून. आता कॉइल तशीच स्थिर धरून स्वतः हळूहळू गोल फिरा. एका दिशेला तोंड केल्यावर आवाज वाढतो आणि दुसऱ्या दिशेला कमी होतो असं झालं तर हवेतली गडबड आहे, विजेच्या तारा, टॉवर, जवळपास दुसरं कुणी डिटेक्टर चालवत असेल ते. दिशा बदलून काहीच फरक पडत नसेल तर दुसऱ्या हाताने केबल हलकेच हलवा, कनेक्टरपाशी थोडी वाकवा, कॉइलवर बोटाने टकटक करा. त्याने वाजलं तर दोष मशीनमध्ये. आणि या सगळ्यात मशीन गप्प राहिलं, कॉइल ओल्या वाळूवर स्थिर ठेवली तरी गप्प, पण झुलवायला लागलं की लगेच किरकिर, तर मग ते बहुधा मीठ आहे.

दहातल्या सात-आठ वेळा मीठच असतं असं माझा अनुभव सांगतो, त्यामुळे त्यावर आधी.

समुद्राच्या पाण्यात किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि असं पाणी वीज वाहून नेतं. डिटेक्टर जमिनीत चुंबकीय लहर सोडतो, त्या लहरीने धातूत भोवरे फिरावेत तसे प्रवाह फिरतात आणि त्यांचं उत्तर थोडं उशिरा परत येतं, त्या उशिरावरून मशीन ओळखतं की खाली काय आहे. खारट ओली वाळू म्हणजे मशीनच्या दृष्टीने कॉइलखाली पसरलेला एक अवाढव्य पण फार कमकुवत धातूच. त्याचं उत्तर स्केलच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या आकड्यांच्या, अगदी खालच्या टोकाला येतं, जिथे ॲल्युमिनियमच्या चंदेरी कागदाचे तुकडे आणि बारीक सोनं येतं तिथे. काळी वाळू, म्हणजे मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज असलेली, तिचं उत्तर एकदम वेगळ्या जागी. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन ग्राउंड बॅलन्स करताना, म्हणजे जमिनीचं उत्तर गप्प करताना, या दोनपैकी एकालाच गप्प करू शकतं. मिठाला गप्प केलं की काळी वाळू बोलते आणि काळ्या वाळूला गप्प केलं की मीठ. ज्या पुळणीवर दोन्ही आहेत तिथे असं मशीन कितीही पिळलं तरी पूर्ण शांत होणार नाही, त्यात तुमची काही चूक नाही.

म्हणूनच एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी मशीनं किनाऱ्यावर चांगली चालतात. फ्रिक्वेन्सी जशी वर जाते तसं मिठाचं उत्तर धातूपेक्षा वेगळ्या प्रमाणात वाढतं, मशीन दोन उत्तरं शेजारी ठेवून मीठ वजा करू शकतं. फिशर कंपनीच्या मशीनची जुनी सीझेड मालिका ५ आणि १५ किलोहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर हेच करायची, माइनलॅब कंपनीचं एक्सकॅलिबर १.५ ते २५.५ किलोहर्ट्झमध्ये १७ फ्रिक्वेन्सी वापरतं. पल्स इंडक्शन मशीनची तऱ्हा आणखी वेगळी, ते लहर सोडून थांबतं, आणि काही मायक्रोसेकंद गेल्यावरच ऐकायला लागतं. मिठाचा प्रवाह तोवर विझलेला असतो, तांब्या-चांदीच्या जाड नाण्यातला मात्र बराच वेळ फिरत राहतो. किनाऱ्यावर खोल जायला पल्ससारखं मशीन नाही, पण ते लोखंड आणि चांदी यांत नीट फरक करत नाही, सगळंच खणावं लागतं, त्यामुळे खिळ्यांनी भरलेल्या पट्ट्यात दोन तासांत कंबर जाते.

नाणी शोधणाऱ्यासाठी यात एक दिलासा आहे. मीठ बोलतं स्केलच्या तळाला, चांदीची आणि तांब्याची चांगली जाड नाणी बोलतात वरच्या भागात. म्हणजे सोन्याची बारीक साखळी शोधणाऱ्याला मीठ जितकं नडतं तितकं आपल्याला नडायचं कारण नाही. फक्त तीन अपवाद लक्षात ठेवा, फार पातळ नाणी, निकेल मिसळलेली नाणी आणि झिजून अर्धी झालेली नाणी, ही सगळी खाली घसरतात आणि मिठाच्या शेजारी जाऊन बसतात. जुनी हातोड्याने ठोकलेली नाणी बऱ्याचदा पातळ असतात, त्यामुळे तळाचा भाग सरसकट नॉच करून, म्हणजे त्या आकड्यांचा आवाज बंद करून, टाकू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिल्या वेळी माझी चूक साधी होती, ग्राउंड बॅलन्स मी वर कोरड्या वाळूत करायचो आणि तसाच खाली जायचो. कोरड्या आणि ओल्या वाळूचा बॅलन्स पूर्ण वेगळा असतो. ओल्या वाळूवर उभं राहून, कॉइलखाली धातू नाही याची खात्री करून, मग कॉइल वर-खाली करून परत बॅलन्स करा, आणि पट्टा बदलला की पुन्हा करा. बीच मोड, म्हणजे किनाऱ्यासाठीचं तयार सेटिंग, असेल तर तो लावा, दोन बीच मोड असतील तर बहुधा एक वाळूसाठी आणि दुसरा पाण्यात उतरल्यावर वापरायला असतो, मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या. ट्रॅकिंग, म्हणजे मशीनने चालता चालता स्वतः बॅलन्स बदलत राहणं, ओल्या वाळूत मदत करतं पण त्याचा एक तोटा आहे, एखाद्या क्षीण सिग्नलवर आपण दहा वेळा कॉइल फिरवली की मशीन त्यालाच जमीन समजून पुसून टाकतं. सिग्नल हळूहळू विरत गेला तर दोन पावलं बाजूला होऊन परत या, मगच ठरवा.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे चालायची दिशा, आणि ही मला कुणी सांगितली नव्हती. आपण किनाऱ्याच्या समांतर चालतो ना, तेव्हा कॉइलचा प्रत्येक झोका एका टोकाला पाण्याकडे जातो आणि दुसऱ्या टोकाला कोरड्याकडे. म्हणजे एकाच झोक्यात वाळूचा ओलावा बदलतो, आणि मशीनला तो बदल म्हणजे सिग्नल वाटतो. त्याऐवजी पाण्याकडे तोंड करून खाली चालत जा, मग परत वर या, असे उभे पट्टे घ्या. आता झोका किनाऱ्याच्या समांतर होतो, डावीकडे जितका ओलावा तितकाच उजवीकडे. नुसत्या एवढ्याने माझी निम्मी किरकिर गेली, सेटिंगला हातही लावावा लागला नाही. दुसरं म्हणजे झोक्याच्या शेवटी मनगट उचललं जातं, कॉइल वाटीच्या आकारात फिरते, मधे खाली आणि कडेला वर. कोरड्यात ते चालून जातं, ओल्यात प्रत्येक टोकाला एक टिक येतो. नेमकं टोकालाच टिक येत असेल तर दोष हाताचा आहे हे पक्कं समजा, झोका लहान करा, हळू करा. आणि लाटेचं पातळ पाणी कॉइलखालून सरकत असताना वाजलं तर त्याकडे लक्षच देऊ नका, पाणी निघून जाईपर्यंत कॉइल स्थिर धरा, मग त्याच जागेवरून परत फिरवा.

एवढं करूनही आवाज राहिला तरच सेन्सिटिव्हिटी, आणि तीही एकेक पायरी. किंवा कॉइल वाळूपासून दोन बोटं वर उचलून चालवा, त्यानेही मिठाचा आवाज उतरतो. मला विचाराल तर सेन्सिटिव्हिटी दोन-तीन पायऱ्या उतरवून शांत चालणारं मशीन हे पूर्ण चढवून किरकिरणाऱ्या मशीनपेक्षा जास्त खोल जातं, कारण खोलवरच्या नाण्याचा आवाज मुळात कुजबुजीसारखा असतो, तो गोंगाटात ऐकूच येत नाही.

किती पायऱ्या उतरवायच्या हे अंदाजाने ठरवू नका. एक नाणं घ्या, शोधताय तशाच आकाराचं आणि शक्य असेल तर तशाच धातूचं, ते छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळाच्या नायलॉन दोरीला घट्ट बांधा. ओल्या वाळूत वीतभर खोल खड्डा, त्यात नाणं आडवं ठेवायचं, वाळू भरून पायाने दाबायची, दोरीचं टोक वर. आता त्यावरून मशीन चालवत सेटिंग बदला आणि कान लावून ऐका. हवेत नाणं धरून केलेली टेस्ट इथे उपयोगाची नाही, हवेत मीठ नसतं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या रोजच्या सेटिंगवर वीतभर खालचं नाणं ऐकूच आलं नाही, एक पायरी वर सरकवून मग आलं, अगदी तुटक, एका बाजूने झुलवलं तरच. किती महिने मी अशा नाण्यांवरून चालत गेलो असेन हे तेव्हा कळलं आणि वाईट वाटलं. झालं की दोरी ओढून नाणं काढून घ्यायचं, म्हणून ती दोरी, नाहीतर टेस्टचं नाणं समुद्राचं होतं.

आता दुसऱ्या वेळची गोष्ट. मीठ समजून मी सगळं वरचं केलं, बॅलन्स, दिशा, सेन्सिटिव्हिटी, काही फरक नाही. किरकिर झोक्याच्या एकाच बाजूला जास्त, आणि गंमत नाही सांगत, कोरड्या वाळूत आल्यावरही चालूच. घरी येऊन कॉइलचं प्लास्टिकचं कव्हर काढलं तर आत खालच्या कडेला बोटभर जाडीचा ओल्या काळसर वाळूचा थर, पाण्याने थबथबलेला. कॉइल झुलली की आतलं पाणी आणि वाळू इकडून तिकडे सरकत होती. म्हणजे मी अख्खा दिवस खारट जमिनीचा एक तुकडा कॉइललाच चिकटवून फिरत होतो आणि ग्राउंड बॅलन्स त्याला पकडणार कसं, तो तर जागा बदलत होता. कव्हर काढलं, गोड्या पाण्याने धुतलं, सुकवून परत लावलं, सगळं शांत. तेव्हापासून ओल्यात काम करताना तासाभराने कव्हर उघडून झटकतो. काही जण कडेने टेप लावतात, मला ते पटत नाही, पाणी कुठून तरी शिरतंच आणि मग बाहेर पडायला वाट राहत नाही. कव्हर न लावता चालवलं तर हा त्रास राहत नाही पण शिंपल्यांनी आणि दगडांनी कॉइल घासली जाते, ते तुम्ही ठरवा.

केबलचंही तसंच. दांड्याभोवती गुंडाळलेली केबल सैल झाली आणि कॉइलजवळ लोंबायला लागली की प्रत्येक झोक्याला हलते आणि मशीन तिला धातू समजतं. कॉइलजवळचे दोन-तीन वेढे घट्ट हवेत, वेलक्रोच्या पट्टीने बांधा.

तिसऱ्या वेळी दोष कनेक्टरमध्ये होता. कॉइल हवेत स्थिर, तरी मधेच खर्रर्र, मग दहा मिनिटं काही नाही, मग परत. दिशा बदलून फरक नाही, केबल कनेक्टरपाशी वाकवली की लगेच वाजायचं. उघडून बघितलं तर पिनांच्या मुळाशी हिरवट पांढरी पूड जमलेली, आणि रबराच्या ओ-रिंगवर एक केस एवढा वाळूचा कण अडकलेला, त्याच फटीतून खारं पाणी आत गेलं होतं. बॅटरी काढून, पिना गोड्या पाण्याने हलक्या हाताने पुसून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दोन दिवस सुकू दिलं, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. चाललं. यात एकच कळकळीने सांगतो, कनेक्टर किनाऱ्यावर उघडू नका. ओल्या खाऱ्या बोटांनी उघडून बघितलं की जो दोष नव्हता तोही तयार होतो. हेडफोनचं जॅक असेल तर त्यालाही हेच लागू.

हवेतली गडबड मला ओसाड किनाऱ्यावर क्वचितच भेटली, जिथे दिव्यांचे खांब आणि वस्ती जवळ तिथे हमखास. मशीनमधलं नॉइज कॅन्सल किंवा चॅनल बदलायचं फीचर वापरा, ते करताना कॉइल स्थिर आणि धातूपासून लांब असायला हवी. मोबाइल खिशात, कंट्रोल बॉक्सपासून, म्हणजे स्क्रीन आणि बटणांच्या पेटीपासून, वीतभर अंतरावर, हे फार जण विसरतात, तो बंद करा किंवा पाठीवरच्या बॅगेत टाका. सोबत्याचं मशीन तुमच्याच कंपनीचं आणि त्याच फ्रिक्वेन्सीचं असेल तर दोघांनी दोन वेगवेगळे चॅनल घ्या आणि पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवा.

आणि स्वतःच्या अंगावरचं लोखंड. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, ती शरीरात कुठे आहे ते शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतःचं धातू शोधायचं यंत्र घेऊन गेले होते. यंत्र चालत होतं, पण गादीखाली लोखंडी स्प्रिंगा होत्या आणि शिवाय डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली, गोळी निघाली दुसऱ्या बाजूला. दीडशे वर्षं होत आली तरी आपली चूक तीच असते. बुटाच्या टोकाला स्टील असेल तर डाव्या-उजव्या पायाच्या तालावर टिक-टिक येते, पट्ट्याचं बक्कल, हातातलं स्कूप, गुडघ्याजवळ लटकवलेला छोटा फावडा, सगळं वाजतं. आवाज चालण्याच्या तालात येतोय का ते एकदा ऐका.

मशीन शांत झालं, आता नाणी का नाहीत, हा पुढचा प्रश्न येतोच, आणि इथे मशीनला दोष देण्यात अर्थ नसतो. नाणं वाळूत वरच्या वर राहत नाही. वाळूच्या कणाची, म्हणजे क्वार्ट्झची, घनता २.६५ आणि चांदीची १०.५, तांब्याची जवळजवळ ९. लाटा वाळू हलवत राहतात, नाणं खाली खाली जातं, आणि कुठेतरी टणक थर लागला की थांबतं, चिकणमाती, दगडगोटे, शिंपल्यांचा दाबलेला थर. शांत समुद्राच्या दिवसांत लाटा वाळू वर आणून टाकतात, त्या टणक थरावर हात-दीड हात मऊ वाळू चढते, आणि नाण्याएवढ्या वस्तूसाठी साधारण मशीनचा आवाका वीतभर किंवा त्याहून थोडा जास्त. म्हणजे नाणी आहेत, आपला आवाज तिथवर पोचत नाही. वादळ किंवा मोठ्या लाटांनी वाळू कापून नेली, किनाऱ्यावर पायरीसारखी उभी कड दिसायला लागली, की ती वेळ. मऊ वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततो तिथे मी आता थांबतच नाही, टाच आपटल्यावर टणक लागेल आणि शिंपले-गोटे वर दिसतील तिथे हळू चालतो.

खूण म्हणून शिसं बघा. मासे पकडायच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या, घनता ११.३, म्हणजे चांदीची शेजारीणच. समुद्र वजन आणि आकार बघून वस्तू वेगळ्या करतो, जिथे तीन-चार शिशाच्या गोळ्या एका ओळीत लागल्या तिथे जुनी नाणी पण लागण्याची शक्यता चांगली असते. उलट जिथे सगळी ॲल्युमिनियमची पातळ झाकणं आणि कॅनचे टॅब निघतायत तिथे हलकं सामान जमलंय, पुढे सरका. उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी सगळ्यात खाली जातं, भांगाच्या दिवसांत तेवढं जात नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात त्यामुळे ओहोटीची वेळ रोज जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते, तक्ता बघून जा, आणि ओहोटीच्या तासभर आधी पाण्याच्या कडेला पोचा. पाणी परत फिरलं की तुम्हीही फिरा, कान हेडफोनमध्ये असतात, पाठीमागची लाट ऐकू येत नाही.

खोट्या सिग्नलचा आणखी एक प्रकार मिठाचा नाही, लोखंडाचा. गंजलेलं बाटलीचं बूच आणि मोठा गंजका खिळा बऱ्याचदा स्केल ओलांडून एकदम वरच्या टोकाला चांदीसारखे वाजतात. एका दिशेने छान आवाज आला की नव्वद अंशात वळून परत झुलवा. नाण्याचा आवाज दोन्हीकडून गोल आणि एकाच जागी येतो, खिळ्याचा एका बाजूने तुटतो किंवा जागा सोडतो. मात्र नाणं उभं कडेवर असेल तर तेही तुटक वाजतं, त्यामुळे टणक थरात मी संशयाचे सिग्नल खणतोच, मऊ वाळूत सोडून देतो. पिनपॉइंटर, म्हणजे नेमकी जागा शोधायचा हातातला छोटा डिटेक्टर, खड्ड्यात सतत गुणगुणत असेल तर तो बाहेर हवेत चालू केलेला असतो, टोक ओल्या वाळूला लावून बंद करा, तिथेच परत चालू करा, तो त्या मिठाला शून्य धरतो.

आणि जे निघेल ते नीट बघा. मला एकदा शिंपल्यांच्या थरातून एक काळी चकती मिळाली, बोटाच्या नखाहून थोडी मोठी, वर वाळूचे कण चिकटून खडबडीत झालेली, वजनाला वाटलं गंजका वॉशर. फेकणारच होतो, पण मधे भोक नव्हतं, आणि आकडा खूप वरचा, दोन्ही बाजूंनी स्थिर. चांदी समुद्रात राहिली की तिच्यावर क्लोराइड आणि सल्फाइडचा काळा-करडा थर चढतो, चकाकणारी चांदी ओल्या वाळूत मिळत नाही, काळी मिळते. अंगठ्याने घासू नका, वाळूचा एक कण पुरेसा आहे नाण्यावरच्या चेहऱ्यावर कायमचा ओरखडा पाडायला. गोड्या पाण्याच्या डबीत टाकून घरी न्या, पाणी काही दिवस बदलत राहा म्हणजे आतलं मीठ निघतं, तांब्याच्या नाण्यांना तर हे फारच गरजेचं, आत क्लोराइड राहिलं तर हिरवी पूड होऊन नाणं नंतर डबीत ठेवल्या ठेवल्या खात जातं.

जिथे जाताय तिथे डिटेक्टर चालवायला परवानगी आहे का, सापडलेलं जुनं काही कुणाला कळवावं लागतं का, हे निघायच्या आधी बघा, जागोजागी कायदा वेगळा आहे आणि पुरातत्त्वाच्या संरक्षित जागी तर मशीन काढायचंच नाही. कासवं अंडी घालतात ते पट्टे हंगामात सोडून द्या. खड्डे बुजवा, खिळे आणि काचा परत टाकू नका, सोबत न्या.

परत आल्यावर मशीन लगेच गोड्या पाण्याने धुवायचं, दांड्याचे जोड सुटे करून, कव्हर काढून. दुसऱ्या दिवशी सुकल्यावर घराबाहेर मोकळ्या जागेत कॉइल हवेत स्थिर धरून दोन मिनिटं ऐका. तिथेही आपोआप वाजत असेल, मोबाइल बंद, जवळ तारा नाहीत, कनेक्टर कोरडा आणि स्वच्छ, आणि बॅटरी पूर्ण भरलेली, तरी वाजतंय, तर कुणाकडून तरी त्याच मॉडेलची दुसरी कॉइल अर्ध्या तासासाठी मागून लावून बघा. दुसऱ्या कॉइलने शांत झालं तर तुमच्या कॉइलमध्ये बारीक तडा गेलाय आणि पाणी आत आहे, कडेने उन्हात आडवी धरून बघितली तर बऱ्याचदा केसासारखी रेघ दिसते. दुसऱ्या कॉइलनेही तसंच वाजलं तर दोष कंट्रोल बॉक्समध्ये आहे, तो स्वतः उघडू नका, एकदा सील तुटलं की पाण्यात उतरायचं मशीन राहत नाही, दुरुस्तीलाच द्या.